ऱ्हाइनवरची जकात आणि ऱ्हाइनवरची सहल

नदीवरून आगबोटीने आठ दिवस हिंडावे, वाटेत एखादा किल्ला पाहावा, काठच्या गावी उतरून तिथल्या द्राक्षांच्या मद्याची चव घ्यावी आणि दिवे लागणीला पुन्हा बोटीवर येऊन जेवावे, असा कार्यक्रम युरोपात दरवर्षी लाखो माणसे करतात. हल्ली आपल्याकडचेही प्रवासी त्यांत असतात. त्यांच्या वाट्याला बहुधा दोन-तीन तासांची फेरी येते आणि परत आल्यावर छायाचित्रे दाखवताना 'हा कुठला बरं किल्ला' यावर घरात थोडा वाद होतो. इतिहासाच्या व्याख्यानात या चैनीचे काय काम, अशी शंका कोणाला आली तर ती रास्त आहे. परंतु या सहलीतील तिन्ही गोष्टी, म्हणजे बोट, किल्ला आणि मद्य, एकाच सूत्रात ओवलेल्या आहेत आणि ते सूत्र चैनीचे नाही. ते जकातीचे आहे. ज्या नदीवर सहा-सातशे वर्षे कोणीही सुखाने प्रवास करू शकत नव्हता, ती नदी पाऊणशे वर्षांच्या आत प्रवाशांचे नंदनवन कशी बनली, हा आजचा विषय.

ऱ्हाइन स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते आणि सुमारे १२३० किलोमीटर वाहून हॉलंडमध्ये उत्तर समुद्राला मिळते. पण प्रवाशांची ऱ्हाइन एवढी मोठी नाही. बिंगेन या गावापासून कोब्लेंझ शहरापर्यंतचा अवघा ६५ किलोमीटरांचा पट्टा म्हणजे त्यांची ऱ्हाइन. बिंगेनपर्यंत ऐसपैस पसरलेली नदी इथे एकदम पाटीच्या दगडाच्या डोंगरांत शिरते, पात्र आवळते, पाण्याला ओढ येते आणि दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात. या कड्यांवर चाळीसेक किल्ले व गढ्या आहेत. २००२ साली युनेस्कोने हा सगळा पट्टा जागतिक वारसा म्हणून नोंदवला. या पट्ट्यात नदीवर अद्याप एकही पूल नाही. पलीकडच्या गावी जायचे तर आजही तरीने जावे लागते.

एवढ्याशा अंतरात एवढे किल्ले कशासाठी? बोटीवरचा वाटाड्या सांगतो की हे लुटारू सरदारांचे अड्डे होते. उत्तर ऐकायला छान आहे. पण त्यात निम्मेच सत्य आहे, आणि उरलेले निम्मे अधिक बोधक आहे.

आधी रोमन लोकांकडे जाऊ. ज्यूलियस सीझरने ख्रिस्तपूर्व ५५ मध्ये या नदीवर दहा दिवसांत लाकडी पूल उभारला, पलीकडे जाऊन धाक घातला आणि परत येऊन तोच पूल मोडून टाकला. पुढे ऱ्हाइन ही रोमन साम्राज्याची सरहद्द झाली. मायन्झ, कोब्लेंझ, कोलोन ही सगळी मूळची रोमन ठाणी. कोब्लेंझ हे नावच संगम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले, कारण तिथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते. आपल्याकडे संगमेश्वर जसे. फौजांमागोमाग द्राक्षाची वेल आली. मोझेलकाठच्या नॉयमागेन गावी १८७८ साली एका रोमन मद्यव्यापाऱ्याच्या थडग्याचे दगडी शिल्प सापडले. ते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे. एक लांबट नाव, तिच्यात मद्याची पिपे रचलेली आणि दोन्ही बाजूंना वल्हेकऱ्यांची रांग. श्पायर येथील संग्रहालयात चौथ्या शतकातील मद्याची एक सीलबंद काचेची बाटली आहे. आतला द्रव अजून शिल्लक आहे. तो उघडून पाहण्याचा मोह आजवर कोणीही पुरा केलेला नाही, हे जर्मन लोकांच्या संयमाला धरूनच झाले.

म्हणजे बोट आणि मद्य यांची जोडी अठराशे वर्षांची. किल्ला मागाहून आला, आणि आला तो या जोडीच्या मिळकतीवर डोळा ठेवून.

मध्ययुगीन कायद्याप्रमाणे नदीवर जकात घेण्याचा हक्क राजाचा. त्याने तो एखाद्या बिशपाला, सरदाराला वा शहराला सनद देऊन बहाल करायचा. घेणाऱ्याने त्या बदल्यात नदीकाठची वाट नीट ठेवायची आणि व्यापाऱ्याला आपल्या हद्दीत संरक्षण द्यायचे. व्यवहार तसा न्याय्य होता. परंतु सनदा वाढत गेल्या. बाराशे सालाच्या सुमारास सबंध नदीवर वीसेक नाके होते, शंभर वर्षांत ते चाळिसावर गेले आणि चौदावे शतक संपता संपता साठाच्या घरात पोचले. नावेने प्रत्येक ठिकाणी थांबायचे, माल मोजू द्यायचा, पैसे मोजायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्यात भर म्हणून कोलोन शहराने १२५९ साली असा हक्क मिळवला की येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने आपला माल धक्क्यावर उतरवून तीन दिवस शहरवासीयांना विकत घेण्यासाठी मांडून ठेवलाच पाहिजे. हा हक्क १८३१ पर्यंत टिकला! आपल्याकडे जकात नाक्यांवर उभ्या राहिलेल्या मालमोटारींच्या रांगा पाहिलेल्या पिढीला ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही.

१२५० पासून १२७३ पर्यंत जर्मनीत सर्वमान्य राजा नव्हता. विचारणारा कोणी नाही म्हटल्यावर ज्याच्याजवळ नदीकाठी चार भिंती आणि दहा हत्यारबंद माणसे, तो जकातदार झाला. सनदेशिवायची ही जकात म्हणजे लूटच, आणि 'लुटारू सरदार' हा शब्द या काळाला चिकटला तो खोटा नाही. यावर पहिला उपाय केला तो राजाने नव्हे, तर शहरांनी. १२५४ साली मायन्झ आणि वर्म्स यांच्या पुढाकाराने ऱ्हाइनकाठच्या शहरांनी एक संघ स्थापन केला. व्यापारी, कारागीर, नगरपिते यांचा हा संघ. त्यांनी स्वतःच्या खर्चाने शिबंदी आणि नावा उभ्या केल्या आणि अन्याय्य जकात घेणाऱ्यांवर चाल करायचे ठरवले.

त्यांची गाठ पडली काउंट डीटर याच्याशी. याचे घराणे काट्सेनएल्नबोगन. नावाचा शब्दशः अर्थ 'मांजराचे कोपर' असा होतो. हे घराणे लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे. डीटरने १२४५ साली सांक्ट गोआर गावावर ऱ्हाइनफेल्स नावाचा किल्ला बांधला आणि खालून जाणाऱ्या नावांची जकात वाढवली. १२५५ मध्ये शहरांच्या फौजेने किल्ल्याला वेढा घातला. वर्ष उलटून गेले, किल्ला पडला नाही. वेढा उठवावा लागला आणि १२५७ मध्ये संघही विस्कटला. ज्यांनी नावा हाकल्या, माल विकला, त्यांनी आपल्या बळावर नदी मोकळी करण्याचा केलेला हा प्रयत्न होता. तो यशस्वी होण्यास आणखी सहाशे वर्षे जावी लागली.

१२७३ मध्ये हाब्सबुर्ग घराण्यातील रुडॉल्फ राजा झाला. १२८२ साली त्याने राइखनश्टाइन आणि झोनेक हे दोन किल्ले पाडले आणि ते पुन्हा बांधू नयेत असा हुकूम काढला. वाटाड्या ही हकीकत मोठ्या रंगात येऊन सांगतो. तो सांगत नाही ती गोष्ट अशी की रुडॉल्फचा मुलगा आल्ब्रेख्त याने १३०१ साली याहून मोठे धाडस केले. मायन्झ, ट्रियर आणि कोलोन यांचे आर्चबिशप आणि पॅलॅटिनेटचा काउंट हे चौघेही राजाची निवड करणारे मानकरी. नदीवरची सर्वांत मोठी जकात यांचीच होती. आल्ब्रेख्तने या बड्या धेंडांशीच युद्ध पुकारले, ते जिंकले आणि जकाती उतरवायला लावल्या. पण १३०८ मध्ये त्याचा खून झाला आणि जकाती एकामागून एक परत आल्या. लहान सरदाराची जकात ही लूट ठरली. आर्चबिशपाची जकात हा महसूल ठरला. नावाड्याला दोन्हींचे ओझे सारखेच होते.

कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांच्या कागदांत चाचे म्हटलेले आहे. आंग्र्यांचे म्हणणे असे की हा समुद्र आमच्या धन्याचा, इथून जायचे तर आमचे दस्तक घ्या. इंग्रज आणि पोर्तुगीज स्वतः परवाने देतच होते. मग दस्तक मागणारा चोर कोणता आणि सरकार कोणते, याचा निवाडा ज्याच्या हाती मागाहून लेखणी गेली त्याने केला. ऱ्हाइनवरच्या लहान सरदारांचा कैवार घेण्याचा माझा हेतू नाही, ते खरोखरच त्रासदायक लोक होते. परंतु 'लुटारू' हा शब्द वाचताना तो कोणी लिहिला हे विचारण्याची सवय आपल्याला कोकण किनाऱ्याने लावलेली आहे.

महसूल म्हणवणारी ही जकात कशी वसूल होई, हे पाहायचे तर काउब गावापाशी बोटीच्या उजव्या कठड्याशी उभे राहावे. नदीच्या मधोमध एका खडकावर पांढरा, टोकदार, नावेच्या आकाराचा एक किल्ला दिसतो. त्याला प्फाल्झ म्हणतात. 'बव्हेरियन' म्हणून ओळखला जाणारा जर्मन राजा लुडविग याने १३२६-२७ च्या सुमारास आधी इथे मनोरा बांधला, तट मागाहून आला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला त्याची भिंत नाळेसारखी निमुळती केली आहे, ती पूर आणि हिमखंड यांना फोडण्यासाठी. काठावर काउबचे तटबंदीचे गाव, वर डोंगरावर दुसरा किल्ला आणि पात्रात हा. तिघांच्या मधून निसटणे अशक्य. लुडविगचे पोप बाविसावा जॉन याच्याशी वैर होते, म्हणून पोपनेही या मनोऱ्यावर निषेध नोंदवला. त्याचा काही उपयोग झाला नाही. जकात चालूच राहिली, आणि ती राजे गेले, पोप गेले, नेपोलियन आला आणि गेला तरी चालू होती. १८१३ च्या वर्षअखेरीच्या रात्री प्रशियाचा सेनापती ब्लूखर याने नेपोलियनचा पाठलाग करताना आपली फौज इथेच नदीपार केली. त्या रात्री जकात घेतली गेली नसावी एवढेच.

बिंगेनजवळचा 'उंदरांचा मनोरा' ही याच जातीची वास्तू. दंतकथा अशी की हाट्टो नावाच्या आर्चबिशपाने दुष्काळात धान्य दडवून ठेवले, भुकेलेल्यांना कोठारात कोंडून जाळले आणि मग उंदरांच्या झुंडीने त्याचा पाठलाग करून या मनोऱ्यात त्याला खाऊन टाकले. इतिहासातला हाट्टो ९७० मध्येच वारला आणि मनोरा त्यानंतर कित्येक पिढ्यांनी जकातीच्या पहाऱ्यासाठी बांधला गेला. जर्मन भाषेत जकातीला असलेला जुना शब्द आणि उंदराचा शब्द उच्चारात जवळ आहेत. त्यावरून हे नाव पडले असावे असे अनेक अभ्यासक मानतात. परंतु लोकांनी जकातीच्या मनोऱ्याला नेमकी साठेबाजाची आणि उंदरांची गोष्ट जोडली, ती काही केवळ शब्दसाधर्म्याने नव्हे.

आता मद्याकडे वळतो. मद्यपानाचा पुरस्कार करण्यासाठी मी इथे उभा नाही, पण ऱ्हाइनच्या इतिहासातून द्राक्ष काढले तर फक्त दगड उरतात. या उतारांवर दुसरे काही पिकत नाही. उभ्या कड्यावर दगडी बांध घालून पायऱ्या करायच्या, पावसाने वाहून गेलेली माती पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर न्यायची, हे काम शतकानुशतके पिढ्यान्पिढ्या चालले. दिवसा तापलेला काळा पाटीचा दगड रात्री वेलीला ऊब देतो, म्हणून एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकते. पिकलेले मद्य पिपांतून नदीने खाली कोलोनला जाई. तिथून ते इंग्लंडपर्यंत आणि बाल्टिक समुद्रापर्यंत पोचे. कोलोनला त्या काळी हान्सा संघाचे मद्यगृहच म्हणत. बिंगेनपाशी पात्रात खडकाची आडवी रांग होती, मोठी नाव तिथून जाऊ शकत नसे. म्हणून वरच्या भागातले मद्य लहान नावांनी बाखाराख गावापर्यंत आणून तिथे मोठ्या नावांत भरत. परिणामी कुठलेही मद्य बाजारात 'बाखाराखचे' म्हणून खपे. रत्नागिरीच्या नावाने कुठले कुठले आंबे विकले जातात, त्यातलाच हा प्रकार.

या व्यापारात सर्वांत हुशार निघाले ते संन्यासी. ११३६ साली स्थापन झालेल्या एबरबाख मठाच्या सिस्टरशियन साधूंनी डोंगर साफ करून मळे लावले, स्वतःच्या नावा ठेवल्या, कोलोनला स्वतःचे वखारघर घेतले, आणि मुख्य म्हणजे एकेका सत्ताधीशाकडून जकातमाफीची सनद मिळवली. इतरांची पिपे प्रत्येक नाक्यावर हलकी होत असताना साधूंची पिपे भरलेली खाली जात. ही माफी देणाऱ्यांत ते काट्सेनएल्नबोगनचे काउंटही होते. ज्यांनी शहरांच्या फौजेला वर्षभर दाद दिली नाही, त्यांनी मठाला सूट दिली. कारण त्या घराण्याच्या समाध्या त्याच मठात बांधायच्या होत्या. जकातीतला काही भाग परलोकाच्या खात्यावर जमा केला जात होता, असे म्हणायला हरकत नाही. याच काउंटांच्या रुसेल्सहाइम येथील कोठीच्या हिशेबात १४३५ सालची एक नोंद आहे: रिस्लिंग जातीच्या द्राक्षवेलींची रोपे, २२ शिलिंग. आज जगभर नावाजलेल्या या जातीचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख. युद्धे आणि वेढे यांनी जे नाव राहिले नसते, ते एका कारकुनाच्या रोजकीर्दीने राखले.

बाखाराखच्या वर चढताना एका देवळाचा सांगाडा लागतो. तांबड्या दगडाच्या उंच कमानी, छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ दिसते. प्रवासी इथे हमखास छायाचित्र घेतात. हे वेर्नरचे देऊळ. १२८७ साली वेर्नर नावाच्या मुलाचे प्रेत या भागात सापडले आणि त्याचा खून ज्यूंनी धर्मविधीसाठी केला अशी आवई उठली. ओबरवेझेल, बोप्पार्ड आणि आसपासच्या गावांत ज्यूंच्या कत्तली झाल्या. राजा रुडॉल्फने, त्याच किल्ले पाडणाऱ्या रुडॉल्फने, आरोप खोटा ठरवून दंड बसवले, तरी लोकांनी मुलाला संत केले आणि यात्रेकरूंच्या दानातून हे देऊळ उभे राहिले. त्याचा सण बिशपाच्या पंचांगातून १९६३ साली काढण्यात आला, म्हणजे पावणेसातशे वर्षांनी. पडके देऊळ म्हणून ते सुंदर आहे यात वाद नाही. त्या सौंदर्याखाली काय पुरलेले आहे हे मात्र सहलीच्या धावत्या माहितीत क्वचितच येते, आणि ते यावे असे मला वाटते.

किल्ले पडले कसे? बहुतेक पाडले ते चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी १६८९ च्या आगेमागे, माघार घेताना शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून. ऱ्हाइनफेल्स त्याही वेळी टिकला, १६९२ मध्ये त्याने मोठा वेढा परतवला. पण १७९४ साली क्रांतिकारक फ्रेंचांची फौज आली तेव्हा त्यातल्या अधिकाऱ्यांनी एकही तोफ न डागता किल्ला सोडून दिला आणि फ्रेंचांनी तो सुरुंगाने उडवला. या पट्ट्यात डोंगरावरचा एकच किल्ला कधी पाडला गेला नाही, तो मार्क्सबुर्ग. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि दरवाजे उडवले, त्याची आठवण इथे होते. किल्ला निकामी करणे ही सगळ्या जेत्यांची पहिली कामगिरी असते.

ज्या फ्रेंचांनी किल्ले उडवले, त्यांनीच जकातीलाही सुरुंग लावला. १७९४ नंतर डावा काठ त्यांच्या हाती आला आणि सरंजामी हक्क रद्द झाले. १८०४ च्या कराराने तीसवर असलेल्या नाक्यांऐवजी दोन्ही काठ मिळून बारा ठेवण्यात आले आणि एका सामाईक दराने वसुली सुरू झाली. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये व्हिएन्नाला जमलेल्या मुत्सद्द्यांनी पुष्कळसे जुने परत आणले, पण ऱ्हाइनच्या बाबतीत मागे जायचे नाही असे ठरवले. काठच्या राष्ट्रांचे एक मध्यवर्ती मंडळ नेमले. त्याची पहिली बैठक १८१६ साली मायन्झला झाली. हे मंडळ आज स्ट्रासबूर्गला आहे आणि आजवर अखंड चालत आलेली सर्वांत जुनी आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. १८६६ मध्ये प्रशियाने नासाऊ संस्थान गिळले, पुढच्या वर्षी काउबची जकात बंद झाली आणि १८६८ च्या मानहाइम कराराने नदीवर केवळ प्रवास करण्याबद्दल कोणताही कर घ्यायचा नाही हे तत्त्व पक्के झाले. बाराशे चोपन्नच्या शहरांनी मागितले ते हेच.

त्याच वर्षांत आगबोट आली. १८१६ च्या जूनमध्ये एक इंग्रजी आगबोट धूर सोडीत कोलोनला पोचली तेव्हा धक्क्यावर गर्दी लोटली होती. १८२६ मध्ये कोलोनला आगबोट कंपनी स्थापन झाली, १८२७ पासून कोलोन-मायन्झ नियमित फेऱ्या सुरू झाल्या आणि पहिल्याच वर्षी सुमारे १८ हजार उतारू मिळाले. पुढे ड्युसेलडोर्फची स्पर्धक कंपनी निघाली. १८५३ मध्ये दोघींनी हातमिळवणी केली आणि त्यांच्या जोडनावाची कंपनी आजही सहलीच्या बोटी चालवते.

यापूर्वी प्रवाहाविरुद्ध नाव न्यायची तर काठाच्या वाटेने घोडे जुंपून दोरखंडाने ओढावी लागे. घोडेवाले, दोरखंड वळणारे, रात्रीच्या मुक्कामाचे धर्मशाळावाले, तबेलेवाले अशा सबंध गावांचे पोट या वाटेवर होते. मालाच्या नावा ओढणाऱ्या आगबोटी आल्या तेव्हा ते बुडाले. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत नॉयवीडच्या परिसरात या लोकांनी आगबोटींवर गोळ्या झाडल्या. क्रांतीच्या इतिहासात पार्लमेंटच्या भाषणांना प्रकरणे मिळतात, या गोळीबाराला एखादी ओळ. त्यांच्या घोड्यांच्या वाटेवरून आज सायकलवाले जातात.

नदी मोकळी झाली, बोट स्वस्त झाली, तरी माणसे पडके किल्ले पाहायला का यावीत? त्यासाठी नजर तयार व्हावी लागली, आणि ती कवी-चित्रकारांनी केली. बायरनच्या चाइल्ड हॅरोल्डचा ऱ्हाइनचे वर्णन असलेला भाग १८१६ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी चित्रकार टर्नर पायी आणि नावेने हिंडून पन्नासेक चित्रांचा ऐवज घेऊन गेला. लोरेलाय नावाचा १३२ मीटर उंच कडा आहे. बोट त्याखाली आली की ध्वनिक्षेपकावर गाणे लागते आणि सांगतात की या कड्यावर बसून केस विंचरणारी मोहिनी नावाड्यांना बुडवीत असे, ही इथली पुरातन दंतकथा. तिथला प्रतिध्वनी पुरातन आहे, भोवरे आणि खडकही पुरातन आहेत. मोहिनी मात्र क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने १८०१ मध्ये निर्माण केली, हाइनेने १८२४ मध्ये तिच्यावर गीत लिहिले आणि चाल लागल्यावर ते सर्वतोमुखी झाले. पंचवीस-तीस वर्षांत पुराण तयार!

हा हाइने तरुणपणी ऱ्हाइनकाठच्या बॉन विद्यापीठात शिकत होता आणि तिथे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांच्या व्याख्यानांना बसत असे. याच श्लेगेलांनी देवनागरीचे खिळे पॅरिसमध्ये तयार करवून घेतले आणि १८२३ साली बॉनला भगवद्गीतेचा मूळ पाठ लॅटिन भाषांतरासह छापला. महाराष्ट्रात देवनागरी ग्रंथमुद्रण अजून बाल्यावस्थेत होते. लोरेलायच्या कड्यापासून शंभरेक किलोमीटर खाली, त्याच पाण्याच्या काठी, त्याच दशकात 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' ही अक्षरे छापली जात होती. सहलीच्या कार्यक्रमात बॉनला बहुधा बेटहोव्हनचे घर दाखवतात. आपल्या लोकांनी हीही आठवण ठेवावी.

कवींनी नजर दिली आणि पुस्तक-विक्रेत्याने तिचे वेळापत्रक केले. कोब्लेंझचा कार्ल बेडेकर याने क्लाइन नावाच्या प्राध्यापकाचे १८२८ सालचे ऱ्हाइनप्रवासाचे पुस्तक १८३५ मध्ये सुधारून काढले. कुठे उतरावे, कुठे जेवावे, वाटाड्याला किती द्यावे, सगळे त्यात. वाटाड्याच्या तावडीतून प्रवाशाला सोडवणे हा त्याचा हेतू होता. १८५५ मध्ये टॉमस कुक आपल्या पहिल्या युरोपीय सहलीत इंग्रज मध्यमवर्गीयांना घेऊन इथे आला. तोवर प्रशियाच्या राजपुत्रांनी पडके किल्ले विकत वा नजराणा म्हणून घेऊन नव्याने बांधायला सुरुवात केली होती. श्टोल्झनफेल्स हा १८२३ मध्ये कोब्लेंझ शहराने युवराजाला भेट दिलेला ढिगारा. १८४२ पर्यंत त्याचा पिवळसर राजवाडा झाला आणि १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणी तिथे पाहुणी आली. बोटीवरून 'मध्ययुगीन' म्हणून जे पाहून लोक हरखतात, त्यातले बरेचसे ताजमहालापेक्षा दोनशे वर्षांनी तरुण आहे.

या नजरेला दुसरीही एक बाजू होती. १८४० मध्ये फ्रान्सने डावा काठ परत मागण्याची भाषा केली आणि जर्मनीत ऱ्हाइनरक्षणाच्या गीतांना ऊत आला. सहलीची नदी राष्ट्राची नदी झाली. १८८३ मध्ये रुडेसहाइमच्या डोंगरावर जर्मानियाचा प्रचंड पुतळा, १८९७ मध्ये कोब्लेंझच्या संगमावर सम्राटाचा अश्वारूढ पुतळा. पुढे दोन महायुद्धे झाली. ७ मार्च १९४५ रोजी रेमागेनचा पूल अमेरिकन सैन्याच्या हाती अखंड लागला आणि दहा दिवसांनी कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही. सम्राटाचा पुतळाही त्याच वर्षी पडला. तो मात्र १९९३ मध्ये परत उभा केला, आणि तो करावा की नाही यावर जर्मनांत कडाक्याचा वाद झाला.

सहल पुढे लांबतच गेली. ऱ्हाइन आणि डॅन्यूब जोडण्याचा प्रयत्न शार्लमेनने ७९३ साली केला होता, तो चिखलात फसला. १९९२ मध्ये माइन-डॅन्यूब कालवा पुरा झाला आणि ॲमस्टरडॅमहून निघालेली बोट थेट काळ्या समुद्रापर्यंत जाऊ लागली. बोटींच्या लांबीवर जलपाशांनी मर्यादा घातली आहे, मोठ्यात मोठी १३५ मीटर. नदीने मात्र सगळे निमूट सोसलेले नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ श्वाइत्सरहाले येथे रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर विष नदीत गेले आणि शेकडो किलोमीटर मासे मरून वर आले. त्यानंतर काठच्या देशांनी एकत्र येऊन केलेल्या कामामुळे आज तिथे पुन्हा सामन मासा येतो.

काउबची जकात जाऊन दीडशेवर वर्षे झाली, तरी नावाड्यांचे डोळे अजून काउबकडेच असतात. तिथे पाण्याची पातळी मोजण्याची पट्टी आहे. मधल्या ऱ्हाइनचा सर्वांत उथळ भाग हाच, म्हणून बोटीत किती माल भरायचा हे काउबच्या आकड्यावरून ठरते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत उतरला. ही पात्राची खोली नव्हे, पट्टीवरची खूण. पण तेवढ्याने मालाच्या नावा पाव-अर्ध्या भरून जाऊ लागल्या, लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्याला उत्पादन घटवावे लागले आणि सहलीच्या प्रवाशांना बोटीतून उतरवून मोटारीने पुढे न्यावे लागले. प्फाल्झचा किल्ला ज्या खडकावर आहे त्याचे बूड उघडे पडले आणि गावकरी कोरड्या पात्रातून चालत तिथपर्यंत गेले. २०२२ च्या ऑगस्टमध्येही पाणी पुन्हा तसेच उतरले. कोब्लेंझकडून येणारी बोट या वळणावर आता वेग कमी करते आणि कप्तान काउबचा आकडा विचारून घेतो.